मुरबाडच्या रानात ऐकलेला ‘रानपिंगळा’ नेमका कोणता?

रानवाट (मुलुंड)

नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेजच्या पायथ्याच्या एका वाडीत मुक्कामाला गेलो होतो. किल्ले आणि घाटवाटा फिरण्याची सवय पंधरा वर्षांची असली, तरी पक्ष्यांबाबत माझे ज्ञान कावळा, भारद्वाज आणि फार तर स्वर्गीय नर्तक यांच्यापुढे जात नाही, हे आधीच कबूल करते.

त्या रात्री तीन वेगवेगळे आवाज ऐकू आले. पहिला सूर्य मावळल्यावर लगेच, वाडीच्या मागच्या पळसावरून आला. तो संथपणे सुरू होऊन हळूहळू वेग धरत होता आणि मग विरत होता, जणू कोणी लाकडी खुळखुळा आधी सावकाश आणि नंतर भराभर हलवावा. दुसरा रात्री अकराच्या सुमारास, ओढ्याच्या पलीकडील मोठ्या झाडांमधून आला. तो लांबलचक, कापरा आणि खरे सांगायचे तर अंगावर काटा आणणारा होता. तिसरा मात्र अगदी सौम्य होता. कोणीतरी दर तीन-चार सेकंदांनी “हं?” असे विचारावे, तसा तो अर्धा तास तरी चालू होता.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या मावशींनी पहिल्या आवाजाला “रानपिंगळा”, म्हणजे रानातले लहान घुबड, म्हटले. घरी आल्यावर मी हे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले, तेव्हा दोघांनी सांगितले की रानपिंगळा म्हणजे शंभराहून अधिक वर्षे नाहीसा झालेला आणि पुन्हा सापडलेला अतिदुर्मीळ पक्षी आहे, आणि मी ही बातमी वर्तमानपत्राला कळवली पाहिजे. कळवण्यापूर्वी येथे विचारणे बरे, असे वाटले. मोबाइलवर संधिप्रकाशात काढलेले एक छायाचित्र आहे, परंतु त्यात फांदीवर बसलेला एक गोल गोळा आणि छातीवरचे आडवे पट्टे यांपलीकडे काही दिसत नाही. मी ऐकलेला पक्षी खरोखर तो असू शकतो का? आणि मुंबईच्या आसपासच्या सह्याद्रीत एकूण कोणती घुबडे आढळतात?

जुना बोरिवलीकर

रानवाट ताई, वर्तमानपत्राला कळवण्याची घाई केली नाहीत, हे फार चांगले झाले. आपण आवाजांचे वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. घुबडांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबावे, असे मी नवख्यांना नेहमी सांगतो.

सगळा गोंधळ नावाचा आहे. इंग्रजीत जंगल आउलेट आणि फॉरेस्ट आउलेट असे दोन निराळे पक्षी आहेत. मराठीत मात्र जंगल, रान आणि वन हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे कोणी पहिल्याला रानपिंगळा म्हणतो, कोणी दुसऱ्याला. पुस्तकांत आणि बातम्यांत दुर्मीळ पक्ष्यासाठी रानपिंगळा आणि वनपिंगळा ही दोन्ही नावे सापडतात. वाडीतल्या मावशींनी वापरलेले नाव त्यांच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण गावात घराजवळ दिसतो तो पिंगळा आणि रानात बोलतो तो रानपिंगळा. या लेखनात घोटाळा नको म्हणून मी सामान्य पक्ष्याला जंगली पिंगळा आणि दुर्मीळ पक्ष्याला वनपिंगळा म्हणेन.

संथ सुरू होऊन वेग धरणारा आणि शेवटी विरणारा आवाज हा जंगली पिंगळ्याचा आहे. तो जेमतेम वीस सेंटिमीटर लांबीचा पक्षी असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापासून थेट दक्षिणेकडील घाटांपर्यंत सर्वत्र आढळतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो विशेष बोलका असतो, आणि ढगाळ दिवशी भर दुपारीही ओरडतो. त्याचा आवाज ऐकला की बुलबुल, शिंजीर, कोतवाल असे लहान पक्षी चिडून गोळा होतात. काही पक्षीनिरीक्षक ते पक्षी जवळ यावेत म्हणून तोंडाने त्याची नक्कल करतात. ही युक्ती मला स्वतःला मुळीच आवडत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

कापरा आवाज ऐकून आपण घाबरलात, यात नवल नाही. ते ठिपकेदार वनघुबड असावे, ज्याला इंग्रजीत मॉटल्ड वूड आऊल म्हणतात. त्याला डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे नसतात, डोळे काळसर असतात आणि अंगावर तपकिरी, पांढऱ्या व तांबूस रंगांची अशी बारीक नक्षी असते की आंब्याच्या किंवा वडाच्या खोडाला टेकून बसले तर साल कुठे संपते आणि पक्षी कुठे सुरू होतो, ते कळत नाही. गावांच्या वेशीवरच्या जुन्या, घनदाट झाडांवर ते राहते. वडाच्या झाडावर भूत असल्याच्या कथांपैकी निदान निम्म्या तरी या पक्ष्याच्या खात्यावर जमा कराव्यात, असे माझे मत आहे.

“हं?” असे विचारणारा पक्षी म्हणजे शिंगळा, अर्थात इंडियन स्कॉप्स आऊल. पिंगळ्याहून किंचित मोठा, कानांजवळ पिसांचे दोन तुरे आणि मानेमागे फिकट पट्टा. ठरावीक अंतराने एकच प्रश्नार्थक स्वर न कंटाळता काढत राहणे हा त्याचा स्वभाव आहे. त्याचाच भाऊबंद असलेले ओरिएंटल स्कॉप्स आऊल ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला ऐकू येते, परंतु त्याची साद एका स्वराची नसून तीन-चार तुटक स्वरांची असते.

राहिली इतर घुबडे. शृंगी घुबड कातळकडे, दगडखाणी आणि ओढ्यांच्या उभ्या काठांवर राहते. त्याचे डोळे नारिंगी असतात आणि त्याची साद खोल, भारदस्त आणि दोन अक्षरांची असते. मत्स्यघुबड पाण्याजवळ राहते आणि मासे, खेकडे, बेडूक यांवर जगते. दुरून दोघांत गोंधळ होतो, पण मत्स्यघुबडाचे डोळे पिवळे आणि पाय पिसांविना उघडे असतात, तर शृंगी घुबडाचे पाय पिसांनी झाकलेले असतात. निसरडा मासा पकडणाऱ्याने पायांत लोकरीचे मोजे घालून कसे चालेल? राष्ट्रीय उद्यानात तुळशी आणि विहार तलावांच्या बाजूच्या ओढ्यांवर मत्स्यघुबड पाहिलेले पुष्कळ लोक बोरिवलीत आहेत. याखेरीज ससाण्यासारख्या बांध्याचे हॉक आऊल आहे, जे रात्री “ऊ-उक्, ऊ-उक्” असे दोन-दोन स्वरांत बोलते. भीमाशंकरसारख्या दाट, दमट, सदाहरित रानात तपकिरी वनघुबड असते. केरळ-कर्नाटकाकडील घाटांत मुखवटा घातल्यासारख्या चेहऱ्याचे बे आऊल आहे, त्याची आपल्याकडे अपेक्षा ठेवू नये.

तात्पर्य, आपला पक्षी जंगली पिंगळा आहे. वनपिंगळा सातपुड्याचा रहिवासी असून मुरबाडच्या बाजूला त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

तानसाकाठ

बोरिवलीकर साहेबांचे आवाजांवरील विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे. शेवटचे वाक्य मात्र मान्य नाही. माझे घर शहापूर तालुक्यात आहे, नोकरीमुळे मी डोंबिवलीत राहतो. वनपिंगळा तानसा अभयारण्यात 2014 मध्ये नोंदवला गेला आहे आणि त्यानंतर तो तेथे अनेक जणांनी पाहिला आहे. शहापूर आणि मुरबाड हे लागून असलेले तालुके आहेत. तेव्हा “मुरबाडच्या बाजूला विचारच करू नये” असे म्हणणे धाडसाचे आहे. 2014 पूर्वी तानसाबद्दलही जाणकारांनी नेमके हेच सांगितले असते.

पक्षी कोणत्या तालुक्यात आहे यापेक्षा तो कोणत्या प्रकारच्या रानात आहे, हे विचारात घेणे अधिक उपयोगाचे ठरते. वनपिंगळ्याला सागाचे, विरळ, पानगळीचे रान लागते, ज्यात उभी वाळलेली झाडे, ढोल्या आणि मधून मधून मोकळी जमीन असते. सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि मोठे कीटक हे त्याचे खाद्य असून ते त्याला उघड्या जमिनीवर वरून दिसावे लागते. म्हणून भीमाशंकरच्या ओल्या, अंधाऱ्या रानात तो शोधण्यात अर्थ नाही. परंतु घाटाखालच्या साग-ऐन-पळसाच्या रानात तो असणे अशक्य आहे, असे मी कधीही म्हणणार नाही.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईला मिळत आहे. या पाणलोट क्षेत्रातील जंगल राखले गेले, त्यामागे शहराच्या पाण्याची गरज हे एक मोठे कारण आहे, आणि त्याच जंगलाचा लाभ या पिंगळ्याला झाला. दादर-परळच्या नळाला येणारे पाणी आणि जगातील अत्यंत दुर्मीळ घुबडांपैकी एक यांचा पत्ता एकच आहे, हे आमच्याकडच्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

नावांविषयीही थोडे. आमच्याकडे ठाकर आणि कातकरी लोकांत लहान तो पिंगळा आणि मोठे ते घुबड, एवढी विभागणी पुरते, आणि तिसरे नाव लागलेच तर ते जागेवरून पडते. माझ्या लहानपणी आजी सांगत असे की घुबडाला दगड मारू नये, कारण ते तो दगड उचलून नदीवर नेते आणि घासत बसते, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूसही झिजत जातो. ही अंधश्रद्धाच आहे, परंतु तिच्यामुळे आमच्या गावात घुबडाला दगड मारणारा मुलगा मी पाहिलेला नाही. उलट दिवाळीच्या सुमारास लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली घुबडांचा जो चोरटा व्यापार चालतो, तो शिकलेल्या लोकांच्या पैशांवर चालतो. पहाटे कंदील घेऊन दारोदार येणारे पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, असे सांगून भविष्य कथन करीत असत. त्यांच्या तोंडी पिंगळा अशुभ नव्हता, तो निरोप्या होता.

नोंदवही

तानसाकाठ यांनी “धाडसाचे” हा शब्द वापरला, त्यावरून याच पक्ष्याच्या इतिहासातील एक प्रकरण सांगावेसे वाटते, कारण चुकीच्या एका नोंदीने किती नुकसान होते, ते त्यातून दिसते.

वनपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. होय, तेच ह्यूम, ज्यांचा 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्था येथे झालेल्या काँग्रेसच्या स्थापनेत मोठा वाटा होता. पहिला नमुना, म्हणजे मारून जतन केलेला पक्षी, ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात 1872 मध्ये मिळवला होता आणि पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्याचेच नाव आले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोद्याच्या परिसरात काही नमुने गोळा केले. 1884 नंतर विश्वासार्ह नोंद मिळाली नाही.

मात्र कागदावर एक नोंद 1914 ची होती. रिचर्ड माइनर्टझॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मारल्याचा दावा केला होता, आणि तो नमुना लंडनच्या संग्रहालयात जमा होता. साहजिकच नंतर शोध घेणाऱ्यांनी मांडवीलाही महत्त्व दिले आणि त्यांच्या हाती काही लागले नाही. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले, तेव्हा हा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच असून तो संग्रहातून चोरून, उसवून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे, हे उघड झाले. खोटे स्थळ वगळल्यावर खऱ्या जुन्या स्थळांकडे लक्ष गेले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळच्या उजेडात एका उघड्या झाडावर बसलेला वनपिंगळा दिसला. मध्ये 113 वर्षे गेली होती.

त्यानंतर आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा प्रत्यक्ष रानात अभ्यास केला. मेळघाट, यावल, तोरणमाळ, मध्य प्रदेशातील खंडव्याचा भाग आणि गुजरातमधील डांग येथून नोंदी येत गेल्या. 2018 मध्ये धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा “अतिसंकटग्रस्त” यावरून “संकटग्रस्त” असा एक पायरी खाली आला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर तो आधी समजत होतो त्यापेक्षा अधिक ठिकाणी आहे, हे कळले म्हणून.

त्यामुळे रानवाट यांना विनंती आहे की त्यांनी आपली नोंद पक्ष्यांच्या नोंदणी संकेतस्थळावर जरूर टाकावी, परंतु खात्री होईपर्यंत “पिंगळा, जात अनिश्चित” अशीच टाकावी. अनिश्चित नोंद खोटी नसते. वनपिंगळाच निघाला, तर मात्र झाडाचा नेमका पत्ता जाहीर करू नये.

गोरेगावकर

विषयाला थोडे सोडून विचारतो, क्षमस्व. शहरात राहणाऱ्याला या घुबडांपैकी काही पाहायला मिळते का, की प्रत्येक वेळी माळशेजच गाठावे लागते?

जुना बोरिवलीकर

गोरेगावकर, आरेच्या रस्त्यांवरील जुन्या झाडांच्या ढोल्यांत साधा ठिपकेदार पिंगळा जोडीने बसलेला दिसतो. त्याचे कर्कश किचकिच भांडण आपण ऐकले असेलच. गव्हाणी घुबड, पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्याचे, जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यांत आणि डक्टमध्येही घर करते. त्याची पिल्ले सापासारखी फुसफुसतात, म्हणून रहिवासी घाबरून अग्निशमन दलाला बोलावतात. ढोली किंवा घरटे हलवू नये. कोणतेही घुबड पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे.

आता तानसाकाठ यांना. आपले म्हणणे बरोबर आहे, आणि मी माझे शेवटचे वाक्य मागे घेतो. तालुका पाहून जात नाकारणे ही माझी चूक होती. पण आवाजाचा पुरावा कायम राहतो. वनपिंगळ्याची साद मऊ शिळेसारखी, तुटक आणि दोन अक्षरांची असते. तिला तो वाढत जाणारा खुळखुळा नसतो. शिवाय तो दिवसा वावरणारा पक्षी आहे. सकाळी आणि दुपारनंतर तो शिकार करताना, शेपटी या बाजूने त्या बाजूला झटकताना दिसतो.

रानवाट ताई, छायाचित्र पुन्हा एकदा उजेड वाढवून पाहावे आणि तीन गोष्टी सांगाव्यात. डोक्यावर पट्टे आहेत, पांढरे ठिपके आहेत की डोके जवळजवळ एकरंगी तपकिरी आहे? छातीवरचे पट्टे पोटापर्यंत उतरतात, की पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आहे? आणि डोके शरीराच्या मानाने मोठे वाटते का? एकरंगी डोके, पांढरे पोट, मोठे डोके व जाड चोच असा मेळ जमला, तर तो वनपिंगळा. डोक्यापासून पोटापर्यंत सगळीकडे बारीक आडव्या रेघा असतील, तर जंगली पिंगळा. ठिपके म्हणजे आपला आरेतला पिंगळा.

रानवाट (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. मी मैत्रिणीच्या फोनवरचे छायाचित्र मागवले, ते माझ्यापेक्षा बरेच स्पष्ट निघाले. डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत बारीक आडव्या रेघा आहेत, त्या छातीवरून पोटाच्या दोन्ही बाजूंना उतरतात, आणि डोके शरीराच्या मानाने मोठे वाटत नाही. पंखावर तांबूस झाकही आहे. म्हणजे जंगली पिंगळाच. सोसायटीच्या गटात मी तसे कळवले. तेथे थोडी निराशा झाली, कारण एका काकांनी बातमीचा मथळासुद्धा तयार ठेवला होता.

एक कबुली द्यायची राहिली होती. कापरा आवाज ऐकल्यावर आमच्यातील एकीने मोबाइलवर घुबडाचे आवाज शोधून मोठ्याने लावले आणि बॅटरीचा झोत झाडांत फिरवला. त्यानंतर तो आवाज पुन्हा आला नाही. त्याचा काही परिणाम झाला असेल का?

तानसाकाठ

झाला असण्याची शक्यता आहे. ठिपकेदार वनघुबडांची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते, म्हणजे आपण गेलात तेव्हा त्यांच्या ढोलीत अंडी किंवा पिल्ले असू शकतात. ध्वनिमुद्रित आवाज ऐकला की नराला आपल्या हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखे वाटते आणि तो एकतर गप्प होतो किंवा शोध घेत फिरत राहतो. तेवढा वेळ मादीला आणि पिल्लांना अन्न मिळत नाही. डोळ्यांवर पडलेल्या तीव्र झोतानंतर पक्ष्याला काही वेळ नीट दिसत नाही. एका रात्रीने ढोली सुटत नाही, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका. पण ते ओढ्यापलीकडील झाडांचे बन गावाची देवराई असेल, तर तेथे दर शनिवारी मुंबईहून कोणी ना कोणी येत असणार, आणि प्रत्येकाकडे मोबाइल असतो. मावशींना सांगून ठेवा, त्यांचे पाहुणे त्यांचे ऐकतील.

वनपिंगळा पाहायचाच असेल, तर कसारा लोकलने आटगावला उतरून वनविभागाची परवानगी घेऊन तानसाच्या रानात सकाळी सात ते दहा या वेळात यावे. सागाची पाने गळून गेल्यावर, म्हणजे आत्तापासून मेपर्यंत, तो अधिक सहज दिसतो. रविवारी मी गावीच असतो.

रानवाट (मुलुंड)

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघी येतो. बॅटरी घरी ठेवू.